ध्वनिमुद्रिका हे इतिहासाचे साधन : शोस्ताकोविचची सातवी सिंफनी आणि सिद्धगड

१

इतिहासाच्या साधनांची चर्चा करताना शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी व दप्तरे ह्यांचा उल्लेख परंपरेने प्रथम होतो. मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांनंतरही यज्ञांची व दानांची ती नोंद अभ्यासकाला वाचता येते. ज्याला लेख कोरविण्याचे सामर्थ्य होते त्याचे म्हणणे उरले आणि त्याच घाटाने ओझी वाहून नेणाऱ्यांचे बोलणे वाऱ्यावर गेले, हे सत्य त्या लेखाइतकेच जुने आहे. १८७७ साली एडिसनने ध्वनी टिपून पुन्हा ऐकविणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हा निदान ह्यापुढे तरी आवाज नाहीसा होणार नाही, अशी आशा उत्पन्न झाली. ती कितपत फलद्रूप झाली, ह्याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने करावयास हवा.

ह्या विचारासाठी एक उदाहरण विशेष उपयोगी आहे. दिमित्री शोस्ताकोविच ह्या रशियन संगीतकाराची सातवी सिंफनी ‘लेनिनग्राड सिंफनी’ ह्या नावाने ओळखली जाते. तिच्या ध्वनिमुद्रिका विसाव्या शतकातील अत्यंत ख्यातनाम वाद्यवृंदसंचालकांनी केलेल्या आहेत. पण ज्या वादनामुळे तिला इतिहासात स्थान मिळाले, ते वादन ह्या ध्वनिमुद्रिकांत नाही. ते वादन ९ ऑगस्ट १९४२ रोजी झाले. भारतीय वाचकास ह्या दिनांकाची ओळख करून देण्याचे कारण नाही. त्याच दिवशी मुंबईत सुरू झालेल्या आंदोलनाचे पडसाद काही आठवड्यांत ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात उमटले आणि त्यांचा एक करुण शेवट मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर झाला. ह्या दोन घटना कार्यकारणाने जोडलेल्या नाहीत. तथापि आवाज टिकणे व नाहीसा होणे ह्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास दोहोंवरही प्रकाश पडतो.

२

प्रथम सिंफनीचा इतिहास पाहू. जर्मन सैन्याने ८ सप्टेंबर १९४१ रोजी लेनिनग्राडचा खुष्कीचा मार्ग तोडला. २७ जानेवारी १९४४ पर्यंत, म्हणजे ८७२ दिवस, तो वेढा पूर्णतः उठला नाही. वेढ्यात मृत्यू पावलेल्या नागरिकांची संख्या आठ ते दहा लाखांच्या घरात धरली जाते. त्यांतील बहुतेक उपासमारीने मेले. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अनेकांच्या वाट्याला दिवसाकाठी केवळ १२५ ग्रॅम पाव येत असे. शोस्ताकोविचने सिंफनीचा बराचसा भाग ह्या नगरीतच लिहिला. १ ऑक्टोबर रोजी त्याला विमानाने बाहेर हलविण्यात आले आणि कुइबिशेव येथे २७ डिसेंबर १९४१ रोजी त्याने रचना पूर्ण केली. ५ मार्च १९४२ रोजी तेथेच सामुईल सामोसुदच्या संचालनाखाली ती प्रथम वाजविली गेली.

त्यानंतर संहितेची सूक्ष्मपटावर घेतलेली प्रत तेहरान व कैरो ह्या मार्गाने पश्चिमेकडे गेली. लंडनमध्ये सर हेन्री वुड ह्यांनी जून १९४२ मध्ये, तर न्यूयॉर्कमध्ये आर्तुरो तोस्कानिनी ह्यांनी १९ जुलै १९४२ रोजी नभोवाणीवरून ती सादर केली. सोव्हिएट संघ आता ब्रिटन-अमेरिकेचा मित्र होता आणि ह्या संगीताकडे त्या मैत्रीचे प्रतीक म्हणून पाहिले जात होते.

स्वतः लेनिनग्राडात मात्र ही रचना वाजविण्यास माणसेच उरली नव्हती. येवगेनी म्राविन्स्की ह्यांचा प्रसिद्ध फिलहार्मोनिक वाद्यवृंद आधीच सैबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे हलविला होता. मागे राहिला तो नभोवाणीचा वाद्यवृंद आणि त्याचे संचालक कार्ल एलियासबर्ग. १९४२ च्या वसंतात तालमीला आरंभ झाला तेव्हा वाजविण्याच्या स्थितीत असलेले वादक सुमारे पंधरा होते. रचनेला शंभरांच्या आसपास हवे होते. कित्येक वादक उपासमारीने मेले होते. जे होते त्यांना तुतारी फुंकण्याचीही ताकद राहिली नव्हती. लष्करी बँडांतून माणसे आणून संख्या भरण्यात आली. ९ ऑगस्ट रोजी वादनात व्यत्यय येऊ नये म्हणून सेनापती गोवोरोव ह्यांच्या तोफखान्याने जर्मन तोफांवर आधीच भडिमार करून त्यांना गप्प केले. सभागृहातील वादन नभोवाणीने व रस्त्यांवरील ध्वनिक्षेपकांनी नगरभर, आणि पलीकडे शत्रूच्या खंदकांपर्यंत, ऐकू गेले.

३

ह्या संध्याकाळची ध्वनिमुद्रिका नाही. त्या वादनाविषयी जे ज्ञात आहे ते आठवणी, नोंदी, छायाचित्रे व वृत्तपत्रे ह्यांवरून. उलट ह्या सिंफनीच्या ज्या मुद्रिका उपलब्ध आहेत, त्यांतील प्रत्येकीला आपला असा ऐतिहासिक संदर्भ आहे आणि तो ध्यानात न घेता ती ऐकणे म्हणजे दिनांक न पाहता पत्र वाचण्यासारखे आहे.

तोस्कानिनी ह्यांच्या प्रक्षेपणाचे मुद्रण जपले गेले. परंतु त्या काळी त्याची विक्रीयोग्य ध्वनिमुद्रिका निघू शकली नाही. अमेरिकन वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून व्यापारी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला होता आणि मोठ्या कंपन्यांशी त्याची तडजोड होण्यास १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. दुसरी अडचण कच्च्या मालाची होती. त्या काळातील तबकड्या लाखेपासून बनत आणि जगाला लाख पुरविणारा प्रमुख देश भारत होता. छोटा नागपूर व मध्य प्रांत येथील जंगलांत आदिवासी कुसुम, पळस व बोरीच्या फांद्यांवरून ती खरवडून गोळा करीत. युद्धामुळे जहाजवाहतूक धोक्यात आली आणि अमेरिकन सरकारने १९४२ च्या वसंतात तबकड्यांसाठी लाखेच्या वापरावर कठोर मर्यादा घातली. ज्यांच्या हातांनी गोळा केलेल्या लाखेवर जगातील श्रेष्ठ वादकांचे संगीत उमटले, त्यांचे स्वतःचे संगीत मात्र त्या लाखेवर क्वचितच उमटले. ह्या प्रबंधिकेचा विषय असलेली विषमता एवढ्या एका व्यवहारातही दिसून येते.

तिसरी अडचण रचनेच्या लांबीची. सिंफनी वाजविण्यास सुमारे सत्तर ते ऐंशी मिनिटे लागतात. मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर त्या वेळी चार-साडेचार मिनिटेच मावत. म्हणजे एवढ्या एका रचनेस सोळा-सतरा बाजू हव्यात. १९४६ साली विल्यम स्टाइनबर्ग ह्यांनी बफेलो येथील वाद्यवृंदाकडून ती ध्वनिमुद्रित करून घेतली, तेव्हा हा सारा खटाटोप करावा लागला. १९४८ मध्ये दीर्घवादी तबकडी आल्यानंतर ही अडचण दूर झाली.

रशियात म्राविन्स्की ह्यांनी लेनिनग्राड फिलहार्मोनिककडून १९५३ मध्ये केलेले मुद्रण अनेक जाणकार आजही प्रमाण मानतात. त्याचे सांगीतिक मोल वादातीत आहे. परंतु इतिहासदृष्ट्या येथे एक सूक्ष्म फरक नजरेआड होतो. मुद्रिकेवरील ‘लेनिनग्राड’ हे नाव वाचून श्रोत्याच्या मनात वेढ्यातील वादन उभे राहते. प्रत्यक्षात वेढ्याच्या काळात हा वाद्यवृंद नगरीत नव्हता. त्याने ही सिंफनी ९ जुलै १९४२ रोजी नोव्होसिबिर्स्क येथे वाजविली होती. जे नगरीत होते त्यांचा वाद्यवृंद दुय्यम मानला गेला आणि एलियासबर्ग ह्यांनाही पुढे म्राविन्स्कींच्या तुलनेने अंधारातच राहावे लागले. २७ जानेवारी १९६४ रोजी, वेढा उठल्याच्या विसाव्या वर्षी, त्यांनी हयात असलेल्या जुन्या वादकांसह ही रचना पुन्हा वाजविली. त्या प्रसंगाचे मोल स्मरणाचे आहे. १९४२ च्या ध्वनीची जागा ते घेऊ शकत नाही.

लेनर्ड बर्नस्टाइन ह्यांच्या दोन मुद्रिका तुलनेस घेण्याजोग्या आहेत : पहिली १९६२ ची न्यूयॉर्क येथील, दुसरी १९८८ ची शिकागो येथील वाद्यवृंदाबरोबरची. शिकागोचे वादन तोस्कानिनींच्या वादनापेक्षा दहा मिनिटांहून अधिक दीर्घ आहे. पहिल्या भागात बारीक ताशासारख्या वाद्याच्या अखंड ठेक्यावर एक साधीशी धून पुनःपुन्हा येत राहते, दर वेळी अधिक वाद्यांनिशी व अधिक आवाजात, आणि अखेरीस ती राक्षसी रूप धारण करते. १९४२ च्या श्रोत्यांनी तिच्यात जर्मन आक्रमण ऐकले. १९७९ साली सॉलोमन वोल्कोव्ह ह्यांनी शोस्ताकोविचच्या म्हणून प्रसिद्ध केलेल्या आठवणींनंतर तिच्यात स्टालिनच्या दडपशाहीचेही सूचन ऐकले जाऊ लागले. त्या आठवणींच्या विश्वसनीयतेविषयी तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत. येथे त्या वादाचा निर्णय अभिप्रेत नाही. एकच संहिता १९४२ मध्ये विजयाच्या आवेशात व १९८८ मध्ये शोकाच्या संथपणात वाजविली जाऊ शकते, एवढे मात्र स्पष्ट आहे. म्हणून ध्वनिमुद्रिका ही रचनेइतकीच, किंबहुना अधिक, आपल्या मुद्रणकाळाची साक्ष देते.

४

आता त्याच दिनांकाच्या दुसऱ्या बाजूकडे वळावयाचे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे नेत्यांची धरपकड झाली आणि त्याच मैदानात अरुणा असफ अली ह्यांनी ध्वज फडकविला. वृत्तपत्रांवर बंधने आली तेव्हा आवाजाचे साधन हाती घेणे प्राप्त होते. उषा मेहता व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी २७ ऑगस्टपासून मुंबईतून गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. पोलिसांना ठिकाण कळू नये म्हणून जागा वारंवार बदलण्यात येई. प्रक्षेपणाच्या आरंभी व अखेरीस राष्ट्रगीतांच्या ध्वनिमुद्रिका लावीत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घालून हे केंद्र बंद पाडले.

ह्या प्रक्षेपणांचा मजकूर आज अभ्यासकांना मिळतो तो प्रामुख्याने सरकारी पोलिसांनी ऐकून टिपून ठेवलेल्या कागदांतून. उषा ठक्कर ह्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाला ह्या कागदांचाच मोठा आधार आहे. ज्यांना हा आवाज बंद पाडावयाचा होता त्यांनीच तो लिहून ठेवला, हा इतिहासाच्या साधनांतील एक विलक्षण विरोधाभास म्हटला पाहिजे. शब्द उरले, पण ते उच्चारणाऱ्या तरुण कंठांतील घाई, भीती वा धैर्य टंकलिखित पानावर येत नाही.

मुंबईच्या नभोवाणीला, गिरण्यांना व लोकलगाड्यांना लागणारी वीज सह्याद्रीच्या पायथ्याच्या वीजकेंद्रांतून येत होती. शहराचे पाणी शहापूर तालुक्यातील तानसा तलावातून १८९२ पासून जात होते. कल्याणहून शहापूर तालुका ओलांडून कसाऱ्यापर्यंत व पुढे घाटावर जाणारा लोहमार्ग १९३० च्या सुमारास विजेवर चालू लागला होता. डोंगरपट्ट्यातील वाड्यापाड्यांवर मात्र रात्री दिवा तेलाचाच होता. ज्या मनोऱ्यांवरून वीज मुंबईकडे जाई, ते मनोरे ह्या मुलखातून जात. त्यांतील वीज ह्या मुलखासाठी नव्हती.

विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल ह्यांनी नेमके हेच मनोरे लक्ष्य केले. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वकिलीचे शिक्षण घेऊन ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. १९४२ च्या उत्तरार्धात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला आणि कर्जत-कल्याण-मुरबाड परिसरात वीजवाहक मनोरे पाडून मुंबईच्या युद्धोत्पादनाला धक्के दिले. सरकारने पाठलाग सुरू केला तेव्हा दस्त्याने मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात आश्रय घेतला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलीस अधिकारी हॉल ह्याच्या तुकडीने त्यांना गाठले. त्या गोळीबारात हिराजी पाटील व भाई कोतवाल ह्यांना हौतात्म्य आले. दरवर्षी २ जानेवारीस लोक सिद्धगडावर जमतात आणि दोघांना अभिवादन करतात.

५

येथे एक राजकीय गुंतागुंत दुर्लक्षिणे योग्य होणार नाही. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यानंतर भारतीय कम्युनिस्टांनी ह्या युद्धास लोकयुद्ध मानले; ‘छोडो भारत’ आंदोलनास त्यांनी विरोध केला. त्यामुळे लेनिनग्राड-स्टालिनग्राडविषयी आस्था असणारा मुंबईचा संघटित कामगार आणि मनोरे पाडणारा कर्जत-मुरबाडचा तरुण हे त्या काही महिन्यांपुरते परस्परविरुद्ध छावण्यांत उभे होते. अण्णा भाऊ साठे ह्यांनी १९४३ साली स्टालिनग्राडचा पवाडा रचला. तो रशियन भाषेत गेला, आणि १९६१ मध्ये अण्णा भाऊंनी स्वतः रशियाचा प्रवास केला. वोल्गेच्या काठावरील लढाई डफ-तुणतुण्याच्या साथीवर लालबाग-परळच्या कामगारांपुढे उभी राहत होती, त्याच सुमारास सिद्धगडावर रक्त सांडले होते. दोन्हींकडे प्रामाणिक स्वातंत्र्याकांक्षा होती. दोन्हींकडील लोकांना एकमेकांचे आवाज मात्र ऐकू येत नव्हते. पुढील काळात प्रत्येक पक्षाने आपल्या सोयीच्या स्मृती जपल्या. इतिहासकाराने दोन्ही एकत्र ऐकावयाच्या आहेत.

ध्वनीच्या दृष्टीने पाहता दोहोंची गत समान झाली. स्टालिनग्राडचा पवाडा छापील संहितेच्या रूपाने उरला. शाहिराची चढती पट्टी, झीलकऱ्यांची उचल आणि श्रोत्यांचा प्रतिसाद ह्यांविना पवाडा अर्धाच राहतो. शोस्ताकोविचची स्वरलिपी उपलब्ध असूनही ९ ऑगस्टचे वादन जसे हरवले, तसेच हे आहे. सिद्धगडाच्या बाबतीत तर स्वरलिपीही नाही आणि संहिताही नाही. त्या पहाटेची सरकारी बाजू कागदांत असणार. पायथ्याच्या ठाकर व कातकरी वाड्यांतून काय ऐकू आले, कोण काय बोलले, ह्याची नोंद करण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. ल. ना. चापेकर ह्यांचा सह्याद्रीतील ठाकरांविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. समाजजीवनाच्या अभ्यासास तो आजही उपयोगी आहे. परंतु ग्रंथ हा अखेर कागदच.

रशियातील एक पूर्वोदाहरण ह्या संदर्भात उल्लेखनीय आहे. येवगेनिया लिन्योवा ह्या गायिकेने १८९७ पासून खेड्यापाड्यांत फोनोग्राफ नेऊन शेतकऱ्यांची सामूहिक गाणी मेणाच्या नळकांड्यांवर टिपली. तोपर्यंत शहरातील संग्राहक लोकगीताची एकच मुख्य चाल लिहून घेत. गाणाऱ्यांचे अनेक आवाज एकमेकांपासून फुटून पुन्हा कसे मिळतात, हे लिन्योवा ह्यांच्या मुद्रणांमुळे विद्वानांस कळले. म्हणजे ख्यातनाम कलावंतांच्या ध्वनिमुद्रिकांचे युग नुकते सुरू होत असताना, त्याच देशात अनामिकांच्या आवाजाचेही मूल्य एका व्यक्तीने ओळखले होते. यंत्र तेच होते. फरक होता तो ते कोणासमोर ठेवावयाचे ह्या निवडीचा.

महाराष्ट्रात ही निवड बहुधा एकाच बाजूने झाली. ग्रामोफोन कंपन्यांनी बालगंधर्वादी रंगभूमीवरील व बैठकीतील थोर गायक टिपले, हे महाराष्ट्राचे भाग्यच होय. पाश्चात्त्य संगीतातही मुंबईचा वाटा लहान नाही. मेहली मेहता ह्यांनी १९३५ साली मुंबईत वाद्यवृंद उभारला. त्यांचे पुत्र झुबिन मेहता ह्यांनी लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाकडून चायकोव्हस्की व स्त्राविन्स्की ह्यांच्या रचनांची केलेली मुद्रणे जगभर ऐकली गेली. मुंबईत जन्मलेल्या संचालकाने वाजविलेले रशियन संगीत आज कोणासही सहज ऐकावयास मिळते. मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या सिद्धगडाच्या पायथ्याचा १९४३ चा एकही आवाज तसा मिळत नाही.

६

ह्या विवेचनावरून ध्वनिमुद्रिकेच्या साधनचिकित्सेचे काही निकष हाती येतात. मुद्रण केव्हा झाले आणि ज्या प्रसंगाशी त्याचे नाव जोडले जाते तो प्रसंग केव्हाचा, हे दोन काळ वेगळे ठेवावयास हवेत. म्राविन्स्की व एलियासबर्ग ह्यांची तुलना हेच सांगते. मुद्रणाला द्रव्य, कच्चा माल व परवानगी कोणी दिली, हे पाहावयास हवे. संघटनेचा बहिष्कार व लाखेची टंचाई ही संगीताबाहेरील कारणेही संगीताच्या इतिहासाला वळण देतात. मुद्रणाचा अभाव हा घटनेच्या क्षुद्रतेचा पुरावा मानता येत नाही. तसेच ज्या ठिकाणी ध्वनी नाही तेथे विरोधकांची नोंद, छापील संहिता आणि मौखिक स्मृती ही तीन साधने एकमेकांवर ताडून घ्यावयास हवीत.

ह्यांतील शेवटचे साधन वेगाने आटत आहे. १९४३ साली जे मूल दहा वर्षांचे होते, ते हयात असल्यास आज नव्वदीच्या पलीकडे आहे. प्रत्यक्ष साक्षीची वेळ जवळजवळ संपली. मुलांनी व नातवंडांनी ऐकलेल्या हकीकती अजून मुरबाड-शहापूरच्या गावपाड्यांत आहेत. त्या नोंदविण्यास १९४२ मध्ये नसलेले यंत्र आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. त्या हकीकती दुसऱ्या पिढीच्या असल्यामुळे त्यांत स्मरणोत्सवांतील भाषणे, शाळेतील पाठ व चित्रपट ह्यांची भर पडलेली असणार. ती वेगळी काढणे हे कष्टाचे, परंतु शिकता येण्याजोगे काम आहे.

लेनिनग्राडच्या नभोवाणीवादकांना १९६४ साली पुन्हा एकत्र बसविता आले, कारण बावीस वर्षांनंतरही त्यांतील काही जण उरले होते आणि त्यांची आठवण ठेवावी असे कोणाला तरी वाटले होते. सिद्धगडच्या बाबतीत ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. नाणेघाटातील लेखाने दोन हजार वर्षे वाट पाहिली. माणसाचा आवाज तितकी वाट पाहू शकत नाही.